सावित्रीबाई फुले व हडपसरचा प्लेगाचा दवाखाना

लोणावळ्याच्या स्टेशनावर उभे राहिले म्हणजे घाटातून वर येणारी गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. मावळातील आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. भोर घाटाचा हा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तो बांधताना एका वेळी चाळीस हजारांवर मजूर डोंगर फोडीत होते, आणि त्यांच्या झोपड्यांतून पटकी शिरली तेव्हा किती माणसे मेली ह्याची नीट मोजदादही कोणी ठेविली नाही. मार्ग पुरा झाल्यावर मुंबईचे बरेवाईट सारे ह्याच वाटेने देशावर चढू लागले. मजुरीची वार्ता आली, छापील कागद आले, चहा आला; आणि १८९६ साल सरता सरता प्लेगही आला.

त्या साथीने पुण्यात व आसपासच्या गावांत जे जीव नेले त्यांत सहासष्ट वर्षांची एक विधवा होती. सावित्रीबाई जोतीराव फुले हे तिचे नाव. ज्यांनी चार इयत्तांचे तोंड पाहिले आहे त्यांस हे नाव ठाऊकच असते. मुलींची शाळा, अंगावर पडणारे शेण व दगड, पिशवीत घेतलेले दुसरे लुगडे, हा भाग धड्यांतून येतो व तो पाठही होतो. परंतु त्यांच्या शेवटच्या दिवसांची हकीकत बहुधा दोन ओळींत आटोपते, आणि आमच्या मते खेड्यांतील व शहरांच्या कडेच्या वस्त्यांतील माणसांस तीच अधिक उपयोगी आहे. म्हणून ह्या अंकी आम्ही ती जरा सविस्तर सांगणार आहो. बाकीचे चरित्र तिच्यापुरते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. हे गाव खंडाळा तालुक्यात आहे. पण तो खंडाळा आमच्या शेजारचा नव्हे, शिरवळाकडचा. (एका गावच्या शिक्षकाने मुलांस नायगाव घाटाखाली शोधावयास लाविले होते, म्हणून हा खुलासा.) वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० साली, नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचे लग्न झाले. नवरा तेरा वर्षांचा होता. घर माळ्याचे, धंदा फुलांचा व शेतीचा. जोतीरावांचा सांभाळ करणाऱ्या सगुणाबाई क्षीरसागर ह्या एका मिशनरी साहेबाच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करीत असत, आणि शिकलेल्या माणसांच्या घरात काय चालते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी आपल्या बायकोस व सगुणाबाईस अक्षरओळख करून दिली.

पुढे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे रीतसर शिक्षण घेतले, ते अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या मिस सिंथिया फॅरार ह्यांच्या संस्थेत, व पुण्यास नॉर्मल शाळेत. मिस फॅरार ह्या १८२७ साली ह्या देशात आल्या होत्या व १८६२ साली नगरासच वारल्या. ह्या दोघींच्या भेटीचा उल्लेख आम्ही अभिमानापोटी करितो असे वाचकांनी समजू नये. फुले पतिपत्नी ख्रिस्ती झाली नाहीत. त्यांनी आपला मार्ग निराळा धरिला, आणि १८७३ साली सत्यशोधक समाज काढिला. त्यांनी मिशनकडून जे घेतले ते उघडपणे घेतले, आणि जे घेतले नाही तेही उघडपणेच घेतले नाही. अशा माणसांविषयी लिहिताना त्यांस ओढून आपल्या अंगणात आणणे हे आम्हांस बरे वाटत नाही.

१८४८ साली बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्यानंतर महार, मांग इत्यादि लोकांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. लोकांचा रोष झाला. सासऱ्याने घराबाहेर काढिले. १८५४ साली सावित्रीबाईंच्या कवितांचे पुस्तक छापून निघाले. हे सर्व प्रसिद्धच आहे.

जे कमी प्रसिद्ध आहे ते असे की, शाळेच्या कामापाठोपाठ ह्या घरात दुसरे एक काम हळूहळू वाढत गेले, आणि त्याचा संबंध शरीराशी होता. ब्राह्मण व तत्सम जातींत त्या काळी लहानपणी विधवा झालेल्या मुलींचा पुनर्विवाह होत नसे. त्यांपैकी एखादीस दिवस गेले म्हणजे तिजपुढे विहीर, विषारी पाला, किंवा जन्मलेल्या अर्भकाचा गळा, एवढेच मार्ग उरत. सुईण येत नसे, आली तर बोलत असे. १८६३ साली फुल्यांनी आपल्या घरातच अशा स्त्रियांसाठी जागा केली. गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे. बालहत्या प्रतिबंधक गृह असे त्याचे नाव. पण व्यवहारात ते एक लहानसे बाळंतपणाचे घरच होते, आणि तेथे तेल, पाणी, शेकशेगडी, बाळंतिणीचे खाणेपिणे हे सर्व सावित्रीबाईंच्या हातचे होते. त्या वेळी पुण्यात ससून इस्पितळ उघडावयाचे होते; ते १८६७ साली उघडले. उघडल्यावरही अशी स्त्री तेथे नाव सांगून जाण्यास धजावली असती असे आम्हांस वाटत नाही.

ह्याच घरात काशीबाई नावाच्या विधवेस मुलगा झाला. सावित्रीबाईंस स्वतःस मूल नव्हते. १८७४ साली त्यांनी हा मुलगा दत्तक घेतला व त्याचे नाव यशवंत ठेविले. ह्या मुलास वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

१८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. धर्मसुधारणेची गोष्ट म्हणून हिचे वर्णन होते व ते योग्यच आहे; परंतु ज्याने उन्हाळ्यात कोसभर पायपीट करून डबक्याचे पाणी आणिले आहे त्यास ती आधी पोटाची गोष्ट वाटेल. पटकी व हगवण पाण्यावाटे पसरतात. ज्या वस्तीस चांगल्या हौदावर येऊ देत नाहीत त्या वस्तीस रोग वाटून दिल्यासारखेच होते.

मग १८७६-७७ चा दुष्काळ पडला. सत्यशोधक मंडळींनी ठिकठिकाणी अन्नछत्रे घातली, धनकवडीस मुलांसाठी आश्रम उघडिला. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरत होत्या. १८७७ च्या एप्रिलात त्यांनी ओतूरहून जोतीरावांस लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. उपाशी माणसांच्या गावात एक बाई पायी हिंडते, घरे मोजते, कोणास काय लागते ते पाहते, आणि नवऱ्यास कळविते. वीस वर्षांनी प्लेगात त्यांनी जे केले त्याची तालीम येथे झाली होती असे आम्ही समजतो.

१८८८ साली जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला. पुण्याचे डॉक्टर विश्राम रामजी घोले, जे स्वतः सत्यशोधक समाजाचे पुढारी होते, त्यांनी औषधोपचार केले. दोन वर्षे सावित्रीबाईंनी नवऱ्याची शुश्रूषा केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांत तंटा उभा राहिला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले व प्रेतापुढे चालल्या. स्त्रीने हे करावे असे त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. १८९३ साली सासवड येथे सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्षस्थानी त्याच होत्या.

आता प्लेगाकडे येऊ.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात एका गोवेकर डॉक्टराने, आकासियो व्हिएगस ह्यांनी, रोग्यांच्या जांघेतील गाठी पाहून हा ग्रंथिज्वर आहे असे ओळखिले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा मोहल्ला. कोठारांत धान्य, धान्यात उंदीर, माडीवर मजुरांची दाटी. पुढच्या चार-पाच महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती, म्हणजे चार लाखांच्या आसपास माणसे, शहर सोडून पळाली. कोणी बोटीने कोकणात गेली, कोणी ह्याच आमच्या घाटाने वर आली. गाठोडी, अंथरुणे, धान्याची पोती, सर्व बरोबर.

माणसे रोगास भ्याली हे खरेच. पण इस्पितळास त्याहून अधिक भ्याली. आर्थर रोडवरील सांसर्गिक रोगांच्या इस्पितळावर २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांचा सुमारे हजारांचा जमाव चालून गेला व त्याने मोडतोड केली. त्यांस अडाणी म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु त्यांनी पाहिले होते ते असे: घरातील माणूस गाडीत घालून नेतात, कोठे नेले ते सांगत नाहीत, जातीपातीचा व खाण्यापिण्याचा विचार करीत नाहीत, भेटू देत नाहीत, आणि पुष्कळदा तो माणूस परत येत नाही. ज्या घरी कोणी कधी औषध घेऊन आला नाही त्या घरी एके दिवशी सरकारचा शिपाई दार ठोठावितो, तर घरच्या माणसाने दुसरे काय समजावे? तेव्हा माणसे रोगी लपवू लागली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला, व त्याने अधिकाऱ्यांस झडती घेण्याची, माणसास अलग करण्याची व घरे पाडण्याची मुभा दिली.

येथे एक चूक दुरुस्त करणे आम्हांस भाग आहे, कारण ती पुष्कळ लेखांतून शिरली आहे. पुण्यात रँडसाहेबाच्या हुकमाने गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या, लोकांचा छळ झाला, आणि म्हणून सावित्रीबाईंनी दवाखाना काढिला, असे सांगतात. तारखांचा मेळ बसत नाही. रँडची प्लेग कमिटी १८९७ च्या मार्चात नेमिली गेली व सोजिरांच्या झडत्या त्या महिन्याच्या मध्यास सुरू झाल्या. तोपर्यंत सावित्रीबाई ह्या जगात नव्हत्या. त्यांनी जे केले ते जुलमास उत्तर म्हणून केले नाही. जुलूम येण्यापूर्वीच केले. रोग आला, वस्तीत माणसे मरू लागली, आणि त्यांच्याकडे कोणी फिरकत नव्हते, एवढे कारण त्यांस पुरले.

यशवंतराव तोपर्यंत डॉक्टर झाले होते व लष्करी वैद्यकीय खात्यात चाकरीस होते. आईने त्यांस बोलावून घेतले असे चरित्रकार सांगतात. त्यांचे लग्न १८८९ साली हडपसरच्या ससाणे घराण्यात झाले होते. त्याच ससाण्यांच्या माळावर, पुणे शहराच्या बाहेर मोकळ्या जागी, प्लेगाचा दवाखाना उभा राहिला.

हा दवाखाना कशाकशाचा मिळून झाला होता ते पाहण्यासारखे आहे. विद्या यशवंतरावांची होती. जागा सोयऱ्यांची होती. सत्यशोधक समाजाची ओळखदेख गावोगावच्या माळी, कुणबी व महार घरांत वीस-पंचवीस वर्षांची होती. आणि रोग्यास आणण्याचे काम सावित्रीबाई करीत होत्या. ह्यांपैकी एकट्या डॉक्टराने काही झाले नसते; तो माळावर औषधाची पेटी उघडून बसता, आणि रोगी घरात कांबळ्याखाली लपून राहते. एकट्या सावित्रीबाईंनीही फारसे झाले नसते. त्यांनी धीर दिला असता, पण घाव धुणारा व नाडी पाहणारा हात मिळाला नसता. सोयऱ्याने जागा न दिली तर दवाखाना कोठे घालावयाचा? प्लेगाच्या रोग्यास आपल्या शेताच्या बांधाशी कोण येऊ देतो? आजच्या दिवसांतही विटाळाचे नाव न घेता निराळ्या सबबीने नकार देणारे पुष्कळ सापडतील. ससाण्यांनी नकार दिला नाही, आणि ह्याबद्दल त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही.

तेथे उपचार तरी काय होत असतील, असे आमचे वाचक विचारतील. खरे सांगावयाचे तर त्या वेळी प्लेगावर खात्रीचे औषध कोणापाशीच नव्हते. रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे येरसँ नावाच्या शास्त्रज्ञाने शोधिला होता; परंतु तो उंदरांवरील पिसवांच्या चाव्याने माणसात शिरतो हे १८९८ साली कराचीत सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने दाखविले, आणि त्यावर सर्वांचा विश्वास बसावयास आणखी काही वर्षे लागली. मुंबईत हाफकिन ह्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगाची लस प्रथम स्वतःच्या अंगी टोचून घेतली होती. पण ती मुंढव्याच्या झोपडीपर्यंत पोहोचण्यास अद्याप अवकाश होता. तेव्हा माळावर मिळत होते ते एवढेच: सावली, वारा, पाणी, पेज, स्वच्छ फडके, फुटलेल्या गाठीची मलमपट्टी, आणि कोणी तरी जवळ बसलेले. तापाच्या रोग्यास वेळेवर पाणी पाजणारा माणूस असला तर काही रोगी आपोआप बरे होतात. नसला तर तेही जातात.

ह्याखेरीज एक गोष्ट त्यांच्या हातून नकळत बरोबर झाली. जेथे उंदीर मरून पडत होते ती घरे सोडून मोकळ्या माळावर राहणे हाच त्या काळी प्लेगावरील सर्वांत चांगला उपाय होता. भिंतीस चुना फासणे, फिनेल ओतणे, छपरे उसकटणे ह्यांवर सरकारने पुष्कळ पैसा खर्चिला. त्याने पिसवा फारशा मेल्या नाहीत. खेड्यांतील म्हाताऱ्या माणसांस हे कोणी न शिकविता ठाऊक होते. उंदीर पडला की गाव सोडून रानात झोपड्या घालाव्या असे ती म्हणत, व तसे करीत. मावळातही प्लेगाच्या वेळी रानात राहावयास गेल्याच्या गोष्टी आम्ही वृद्धांकडून ऐकिल्या आहेत.

मार्चच्या आरंभी मुंढव्याच्या महारवाड्यात, गायकवाडांच्या घरी, एक मुलगा प्लेगाने पडल्याचे सावित्रीबाईंस कळले. मुंढवा व हडपसर ही शेजारशेजारची गावे. आज दोन्ही पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत आणि तेथे उंच इमारतींची दाटी झाली आहे. तेव्हा मध्ये शेते व पायवाटा होत्या. सावित्रीबाई महारवाड्यात गेल्या. गाडी बोलाविण्यास कोणती गाडी महाराच्या रोगी मुलास बसवून घेती? त्यांनी मुलास पाठीवर घेतले, आणि शेतांच्या वाटेने दवाखान्याकडे चालू लागल्या.

आम्ही ह्या वाटेवर जरा थांबतो. ज्या हातांनी पन्नास वर्षांपूर्वी पाटी धरिली त्या हातांत आता तापाने फणफणलेले मूल होते, असे लिहिणे सोपे आहे, आणि कित्येकांनी तसे लिहिलेही आहे. पण सहासष्ट वर्षांच्या बाईने उन्हाच्या दिवसांत पाठीवर मूल घेऊन चालणे म्हणजे काय ते ज्यांनी डोंगरावरून आजारी माणूस झोळीत घालून खाली आणिला आहे त्यांस विचारावे. दर शंभर पावलांवर थांबावे लागते. मुलाचे डोके मानेवर पडते. त्याचा श्वास आपल्या कानाशी लागतो. आणि रोग्याच्या कपड्यांतील पिसवा, हे आपणांस आज ठाऊक आहे, त्या बाईस ठाऊक नव्हते. त्यांस एवढे मात्र निश्चित ठाऊक होते की हा रोग एकाचा दुसऱ्यास लागतो. सारे शहर तेच म्हणत होते व पळत होते.

त्यांस ताप भरला. १० मार्च १८९७ च्या रात्री त्या वारल्या.

त्यांच्यामागे तीन-चार दिवसांतच सोजीर पुण्याच्या घरांत शिरू लागले. बायकांस रस्त्यावर उभे करून तपासणे, देवघरात बूट घालून जाणे, सामान जाळणे, ह्या गोष्टींनी लोक चवताळले. जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली, व त्याचा इतिहास सर्वत्र छापिलेला आहे. पंडिता रमाबाई त्या वेळी पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. त्या स्वतः ख्रिस्ती, व सरकारच्या वैरी नव्हेत. तरी सरकारी प्लेग इस्पितळात आपल्या एका मुलीची जी दशा झाली तिच्याविषयी त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात उघड तक्रार छापली, आणि तिचा बोभाटा विलायतेपर्यंत झाला. मुलींना घेऊन त्या केडगावास आपल्या शेतावर गेल्या. त्यांनाही शेवटी मोकळा माळच बरा वाटला.

एक शंका आमच्या एका मित्राने घेतली, ती येथे नोंदवितो. तो म्हणाला की सरकारने लाखो रुपये खर्चिले, शेकडो माणसे कामास लाविली, आणि शहराच्या मानाने पाहता माळावरच्या दवाखान्याने वाचविलेले जीव ते किती? हिशेब केला तर त्याचे म्हणणे खोटे पाडता येणार नाही. दवाखान्याच्या रोग्यांची वही आमच्यापुढे नाही. पण तोच मित्र पुढे असेही म्हणाला की, सरकारच्या माणसास पाहून लोक रोगी लपवीत, आणि ह्या बाईस पाहून दाखवीत. एवढ्या एका फरकावर साथीचे पुष्कळ अवलंबून असते. लपविलेला रोगी घरातील चौघांस घेऊन जातो.

हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे झाले. लोणावळ्यासच पाहावे तर बंगल्यांच्या व हॉटेलांच्या मागील अंगास, ओढ्याच्या कडेने, ज्या वस्त्या आहेत त्यांत बाहेरून येणाऱ्या पाहुण्याचे पाऊल पडत नाही. बंगल्यांत धुणीभांडी करणाऱ्या, चिक्कीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बाया तेथे राहतात. दोन पावसाळ्यांपूर्वी अशाच एका वस्तीत आमच्या ओळखीची एक म्हातारी आठ दिवस तापाने पडून होती. दवाखाना लांब नव्हता. पण पूर्वी एकदा कोठल्याशा दवाखान्यात कागद नाही म्हणून तिजवर कोणी खेकसले होते, आणि तेव्हापासून तिने ठरविले होते की मरेन पण तेथे जाणार नाही. आमच्यापैकी दोघे जाऊन पुष्कळ बोलले. ती भिंतीकडे तोंड करून राहिली. शेवटी त्याच आळीतील आशा सेविका आली. ती कोणी मोठी शिकलेली नव्हे; म्हातारीच्या सुनेबरोबर नळावर पाणी भरणारी. तिने काही समजाविले नाही. म्हातारीची चप्पल शोधून पायाशी ठेविली, आणि चल आजी, मी बसते तुझ्यापाशी, एवढेच म्हणाली. म्हातारी उठली. तिचा ताप हिवतापाचा निघाला व गोळ्यांनी बरा झाला. आमची दोघांची थोडी फजितीच झाली, आणि ती योग्यच होती. आम्ही त्या आळीत वर्षातून एकदा जाणारे.

नायगावास आता सावित्रीबाईंचे स्मारक आहे. पुण्याच्या विद्यापीठास २०१४ साली त्यांचे नाव दिले गेले. ३ जानेवारीस शाळांतून मुली त्यांच्यासारखा पोशाख करून भाषणे करितात. १० मार्चचा दिवस मात्र त्या मानाने पुष्कळ ठिकाणी तसाच जातो.

यशवंतराव आईमागे पुन्हा लष्करी चाकरीवर गेले. ज्या विधवेच्या पोटी ते जन्मले तिला त्या घरी आसरा मिळाला नसता तर ते जगतेच ना. ते जगले, डॉक्टर झाले, आणि आईने आणिलेल्या रोग्यांस त्यांनी हात लाविला. प्लेग त्यानंतर वर्षानुवर्षे उलटून येत राहिला. अशाच एका साथीत, फार वर्षे लोटण्यापूर्वी, यशवंतरावही गेले.